आतून उमटलेली बोटं

१

बशी हातात आली की मी आधी ती उलटी करते. लोक वरचं चित्र बघत बसतात. बोटी, पूल, बदकं, कुणा परदेशी उमरावाचं चिन्ह. पारख करणाऱ्यानं बूड बघायचं. बुडाच्या कडीला झिलई नसते, तिथे माती उघडी असते. चीनच्या भट्ट्यांमधून परदेशी गिऱ्हाइकांसाठी जो माल निघायचा, त्याच्या या उघड्या कडीवर हलकी केशरी झाक असते आणि एखादा रेतीचा कण चिकटलेला असतो. झिलईवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असतात. मागाहून युरोपात ज्यांनी नकला केल्या त्यांची माती जरा करडी, आणि काम नको तेवढं सुबक. सगळ्यात शेवटी भांडं तीन बोटांवर तोलायचं, नखानं टिचकी मारायची आणि नाद किती वेळ टिकतो ते ऐकायचं. तडा असेल तर नाद मरतो.

हे मला आप्पांनी शिकवलं. आप्पा म्हणजे माझे वडील. या लिलावघरात ते जन्मभर पारखी होते. त्यांची नजर गेली तेव्हा त्यांची खुर्ची मला मिळाली. मागची खोली, मोठी खिडकी, टेबलावर हिरवं लोकरी कापड, तीन भिंतींना फळ्या आणि पलीकडे माल बांधायची खोली. दोन्ही खोल्यांच्या मध्ये दार आहे, पण ते कधी लावलेलं मला आठवत नाही.

धाकटीला तिथे मीच आणलं. संसार मोडून ती आमच्याकडे परत आली, दिवसभर खिडकीशी बसून राहायची. तिचं अक्षर सुंदर. मालकीणबाईंना मी म्हटलं, "मालाची कार्डं लिहायला घ्या तिला." हे मुद्दाम सांगतेय. पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ती मला तिथे नकोच होती.

पहिले दोन महिने मजेत गेले. तिला कशातलं काही कळत नव्हतं.

"ताई, ही बशी म्हणायची की ताटली?"

"बशीच ती."

"मग हिच्यापेक्षा मोठी आहे ती?"

"ती थोरली बशी. माझ्यासारखी."

ती खळखळून हसायची. मला तिच्या अडाणीपणाचं फार प्रेम होतं.

२

मग एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातला माल आला. बाई वारल्या होत्या, मागे कुणी नव्हतं. सत्तेचाळीस नग, एकाच घडणीचे. निळ्या किनारीच्या बशा, वाडगे, आणि सूप वाढायचं एक मोठं झाकणाचं भांडं. आमच्या धंद्यात त्याला टुरीन म्हणतात. दोन्ही बाजूंना सशाच्या तोंडाच्या मुठी, झाकणावर फळाच्या आकाराची गाठ.

मी टुरीन उलटं केलं. कड केशरी, रेतीचा कण जागच्या जागी. चीन, अठरावं शतक, शंकाच नको. टिचकी मारली.

ठप्.

लाकडावर मारल्यासारखा आवाज. तडा असणार. मी जांभळ्या दिव्याखाली धरून बोट-बोट जागा तपासली. जुनी डागडुजी त्या उजेडात लगेच दिसते. काही नव्हतं. मग झाकण काढून आत पाहिलं. आतल्या बाजूला, तळाजवळ, झिलईखाली चार बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे होते. ओल्या मातीवर कुंभाराचा हात लागतो, त्यात नवल नाही. पण कुंभाराचा हात वरून आत जातो, त्याची बोटं खाली वळलेली असतात. ही बोटं वर होती. आत कुणी असावं आणि त्यानं भिंतीला हात टेकून वर यायचा प्रयत्न करावा, तशी.

आत हात घालून कुंभारानं मनगट उलटं वळवलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कारण पटण्यासारखं होतं. मी ते वहीत लिहूनही ठेवलं.

"पुसून ठेव गं हे," मी धाकटीला म्हटलं. "नाद मेलाय. कुठेतरी तडा आहे, सापडत नाही."

तिनं फडकं फिरवलं. तिचं नख काठाला लागलं आणि टुरीन वाजलं. इतका स्वच्छ, इतका लांब नाद मी त्या खोलीत कधी ऐकला नव्हता. मी मनातल्या मनात मोजत होते. एकवीस, बावीस, तेवीस. मग तो एकदम थांबला. नाद विरत जातो. हा विरला नाही. वाजत्या भांड्यावर कुणी हात ठेवावा तसा तो थांबला.

धाकटीचे दोन्ही हात फडक्यात होते.

"तडा कुठाय? छान वाजतंय की," ती म्हणाली.

मी पुन्हा टिचकी मारली. ठप्.

खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली नाही. मला राग आला. पस्तीस वर्षं मी या मातीची नोकरी केली, आणि ती वाजली कुणासाठी, तर हिच्यासाठी.

३

त्याच आठवड्यात मालकीणबाई माल बघायला आल्या. बारा बशा मी ओळीनं मांडल्या होत्या आणि बाराही चिनी ठरवून मोकळी झाले होते.

"यातल्या दोन पाहुण्या आहेत," कोपऱ्यातून धाकटी म्हणाली. वर न बघता, कार्डं लिहिता लिहिता.

"काय?" मालकीणबाई वळल्या.

"तिसरी आणि दहावी. मागाहून करून घेतल्यात. इथल्या दोन फुटल्या होत्या ना, म्हणून."

मी हसून म्हटलं, "अगं, कार्डं लिही तू." पण बाईंनी तिसरी बशी उचलून माझ्या हातात दिली, तेव्हा बघणं भाग होतं. माती करडी होती. अगदी किंचित. कडीवरची केशरी झाक रंगवलेली होती. दहावीचंही तेच. दोन्ही युरोपातल्या नकला, आणि चांगल्या नकला. माझ्या नजरेतून सुटल्या होत्या.

"बाई गं!" मालकीणबाईंनी धाकटीच्या पाठीवर थाप मारली. "हा हिरा कुठे लपवून ठेवला होतास?" हे मला उद्देशून. मी दात काढले.

त्या गेल्यावर मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"असंच."

असंच! मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. मला वाटलं होतं ती माझ्या वह्या चोरून वाचते. तसं काही नव्हतं. ती बशी घेऊन टुरीनच्या फळीपाशी जायची आणि झाकण बोटभर उचलायची. हातातल्या बशीला टिचकी मारून कान झाकणाशी न्यायची. बशी वाजायची. आणि थोड्या वेळानं, अगदी थोड्या, झाकणाखालून तसाच नाद यायचा.

एका सुरातली दोन भांडी असली की एकामुळे दुसरं वाजतं. हे कुणीही सांगेल. पण ते त्याच क्षणी वाजतं, विचार करून नाही.

महिनाभरात फोन तिच्यासाठी यायला लागले. "तुमच्या त्या बहिणीला दाखवायचंय," असं लोक मला सांगायचे. मी निरोप लिहून घ्यायचे.

४

घरी आप्पांना तर नवीन खेळणंच मिळालं होतं. संध्याकाळी खुर्चीत बसून ते धाकटीच्या पावलांची वाट बघायचे. माझी पावलं त्यांना ओळखू यायची, पण त्यावर ते मान वळवायचे नाहीत.

"आज काय आलं होतं?"

"एक वाडगा, आप्पा. वर लाल कोंबडा. भट्टीतून पांढराच निघाला, रंग बंदरातल्या शहरात दिले. ज्यानं कोंबडा काढला त्याला सर्दी झाली होती."

आप्पा गुडघ्यावर थाप मारून हसले. "सर्दी! अगं, मी इतकी वर्षं घासली, पण चिताऱ्याची सर्दी काही मला कळली नाही कधी." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "थोरले, ऐकलंस का?"

"ऐकलं."

"ही जात्याच घेऊन आलीय. मी उगाच हिला इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलं."

मी चहाच्या कपबशा उचलून आत गेले. नळ सोडून ठेवला, आवाज होत राहावा म्हणून. बाहेर दोघांचं हसणं चालूच होतं.

झोपायला जाताना धाकटी माझ्या दाराशी थांबली. "ताई, आईचे केस लांब होते का गं?"

"असं काय विचारतेस? तूच वेणी घालायचीस ना तिची."

"हो का?" ती म्हणाली. "असेल."

तिचा चेहरा उतरला होता. दोन-तीन आठवड्यांत बरीच वाळली होती. मला ते दिसलं, नाही असं नाही. पण मनात आलं ते इतकंच, की काम झेपत नसेल तर बरंच आहे.

५

तिला तोंडघशी पाडायचं मी ठरवलं. घरातून एक कप घेऊन गेले.

त्या कपाची गोष्ट फक्त मला माहीत होती. मी सोळा वर्षांची होते, धाकटी सातची. आप्पांनी अभ्यासासाठी तो कप घरी आणला होता. चिनी आहे म्हणाले होते, फार जपायचे. मी चोरून हाताळायला घेतला आणि त्याचा कान तुटला. मी दोन्ही तुकडे नेऊन धाकटीच्या उशाशी ठेवले. आप्पांनी तिला मारलं नाही, रागावलेही नाहीत. फक्त त्यांच्या अभ्यासाच्या खोलीचं दार तिला बंद झालं. मी आत शिकत राहिले, ती बाहेर खेळत राहिली. पुढे माझी नजर तयार झाली तेव्हा मला कळलं की कप चिनी नव्हताच, नक्कल होती. आप्पांना मी ते कधी सांगितलं नाही.

आप्पा फसले होते, तर हीही फसेल, असा माझा हिशेब.

"हा बघ जरा. कुठला असेल?"

तिनं कप घेतला, सांधलेल्या कानावरून बोट फिरवलं आणि फळीपाशी गेली. भर दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं, टेबलावरची धूळसुद्धा दिसत होती. कप टणकन वाजला. झाकणाखालून एकदा आवाज आला. मग थांबून दुसऱ्यांदा.

ती परत आली. "नक्कल आहे, ताई. आप्पांना कळलं नव्हतं. तुला कळलं होतं."

मी कप तिच्या हातातून काढून घेतला.

"आणि कान मी नव्हता तोडला."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"ती सांगते."

"ती कोण?"

"तिला माहीत नाही." धाकटी खुर्चीत बसली. दमलेली दिसत होती. "मी कुठली, एवढंच ती विचारत असते सारखी. मी तिला माझं काहीबाही सांगते. घरातलं, लहानपणचं. मग ती मला बाकीचं सांगते. पण आता माझ्याकडे फारसं उरलं नाहीये गं सांगायला."

मग माझ्याकडे बघून हसली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. लहान होतीस."

सोळा वर्षांची मुलगी लहान नसते. तिला मिठी मारावी, तिला तिथून हात धरून घरी न्यावं, हे मला सुचायला हवं होतं. मला सुचलं ते वेगळंच. माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं. हिच्याहून नऊ वर्षांचं जास्त होतं. मग मला का नाही विचारलं?

६

गुरुवारी चार वाजता एक मोठे संग्राहक येणार होते. म्हाताऱ्या बाईंचा सगळा माल ते घेणार होते, पण आधी त्यांना धाकटीशी बोलायचं होतं. माझं नाव निघालंसुद्धा नव्हतं.

साडेतीनला मी मागच्या खोलीत गेले. पलीकडे बांधणीच्या खोलीत धाकटी पाठमोरी बसली होती. कार्डं लिहीत होती. टाकाची करकर इथपर्यंत ऐकू येत होती.

मी टुरीन टेबलावर घेतलं, झाकण बोटभर उचललं आणि काठाला टिचकी मारली.

ठप्.

"मला विचार," मी हळूच म्हटलं. रिकाम्या भांड्याशी बोलताना लाज वाटत होती. "तिला काय येतं? मी शिकलेय. मला विचार."

काही नाही. मी कान जवळ नेला. आतून गार हवा येत होती, ओल्या मातीच्या वासाची.

"ताई?"

मी मागे वळले. धाकटी पाठमोरीच होती. टाक चालूच होता.

"ताई, मी कुठली गं?"

आवाज तिचा होता. लहानपणी आप्पांच्या बंद दाराबाहेर उभी राहून हाक मारायची, तसा. पण तो माझ्या हाताखालून येत होता.

मी झाकण आणखी उचललं. खिडकीचा उजेड आत पडला. तळाजवळचे जुने पाच ठसे मला पाठ होते. त्यांच्या शेजारी आणखी पाच होते. निमुळती बोटं, वर वळलेली. त्यांतली करंगळी आत वाकलेली. धाकटीची करंगळी जन्मापासून तशीच आहे, वेलांटीसारखी. या नव्या ठशांवर झिलई नव्हती. माती ओली होती, चमकत होती, आणि मी बघत असताना करंगळीचा ठसा केसभर वर सरकला.

"ताई, हात दे ना."

पलीकडची करकर थांबली. ती वळली नाही. मानही हलवली नाही. टाक कागदावर टेकवून नुसती थांबून राहिली. मी काय करते ते बघायला तिला वळायची गरज नसावी, असं मला वाटलं.

मी हात उचललाही होता. तेवढ्यात जिन्यावरून मालकीणबाईंचा आवाज आला. "अगं, ते आले बरं का लवकरच! धाकटीला पाठव. तू नाही आलीस तरी चालेल."

तू नाही आलीस तरी चालेल.

मी झाकण ठेवलं. घाबरून ठेवलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी ते नीट, खाचेत बसेल असं फिरवून ठेवलं. आत काहीतरी एकदा वाजलं, फार बारीक. मी दोन्ही तळवे त्यावर दाबून धरले आणि नाद थांबला.

पलीकडे टाक पुन्हा चालू झाला.

७

त्या दिवशी संग्राहकांनी धाकटीसमोर एक वाडगा ठेवला. तिनं तो उलटासुलटा केला आणि गोड हसून म्हणाली, "मला कुठलं कळतंय? ताईला विचारा."

मी वाडग्याचं मूळ सांगितलं. बरोबर होतं. ते चकित झाले, मालकीणबाई वरमल्या. टुरीनचं झाकण मी स्वतः दोरीनं बांधलं, पेटीत भुसा भरला, आणि प्रमाणपत्रावर लिहिलं, चीन, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, निर्यातीसाठी, निर्दोष. खाली माझी सही. आठवड्याभरात पेटी बोटीवर चढली. कुठल्या बंदराला जाणार ते मी विचारलं नाही.

धाकटीची तब्येत सुधारली. अंग भरलं, गालांवर रंग आला. कामात ती मला एक शब्द विचारल्याशिवाय राहत नाही. "ताई, तूच सांग बाई." फोन पुन्हा माझ्यासाठी येतात. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मी ते नाकारलं नाही.

घरी मात्र आप्पा गप्प झाले. संध्याकाळी तिची पावलं वाजली की ते खुर्चीत सावरून बसत, पण काही विचारत नसत.

रविवारी सकाळी ती त्यांची नखं कापत होती. मी समोर पेपर वाचत होते. आप्पांनी मधेच तिचा हात धरला आणि बोटांवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळीपाशी थांबले. मुळापासून टोकापर्यंत दोनदा चाचपली. ती सरळ होती. मला ते त्या गुरुवारपासून माहीत होतं.

त्यांनी तिचा हात हळूच तिच्या मांडीवर ठेवून दिला.

"थोरले, इकडे ये."

मी गेले.

"ही कुठली?"

"आप्पा, असं काय करता? धाकटी आहे."

"मला दिसत नाही. माझं आता चुकतं." त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. "तुझं चुकत नाही. हे मी तुला कधी म्हटलं नाही, पण माझ्यापेक्षा तुझी नजर चांगली आहे. तेव्हा नीट बघ, आणि मला सांग."

हे ऐकायला मी जन्मभर थांबले होते.

मी तिच्याकडे पाहिलं. तीही माझ्याकडे बघत होती. ओठ किंचित उघडे. ठेवून घेतील की नाही याची खात्री नसलेलं माणूस उंबऱ्याशी उभं राहावं, तशी. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल राग नव्हता. ओळखही नव्हती.

"आपलीच आहे, आप्पा," मी म्हटलं.

आप्पांनी मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांनी कधी अविश्वास दाखवला नव्हता.

"ताई म्हणते म्हणजे असणारच," ती म्हणाली, आणि तिनं आप्पांचा दुसरा हात आपल्या हातात घेतला.